घड्याळ सहाव्या कॅडेटवर का थांबते?

गेल्या ऑक्टोबरमधल्या मेघालय ट्रेकनंतर नोटीस बोर्डावर आंतर-हाऊस गुणांचा जो तक्ता लागला, त्याबद्दलचे माझे मत स्टाफरूममध्ये मी सांगितलेच होते. काही सहकाऱ्यांना ते पटले, काहींना नाही. नंतर दोन पालकांचीही पत्रे आली आणि दोघांचे म्हणणे एकमेकांच्या अगदी उलट होते. म्हणून संपादकांकडून मराठी पान मागून घेतले. यंदाच्या ट्रेकची तयारी सुरू होण्याआधी हा विषय कॅडेट, शिक्षक आणि पालक या तिघांसमोर यावा एवढीच इच्छा आहे.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी आधी जागेबद्दल सांगतो. गुवाहाटीपर्यंत रेल्वे, तिथून शिलाँगपर्यंत शंभर किलोमीटरचा घाटरस्ता. पहिला मुक्काम शिलाँगला झाला. दुसऱ्या दिवशी स्मितवरून लायतलुमला गेलो. खासी भाषेत या नावाचा अर्थ डोंगरांचा शेवट असा सांगतात, आणि कड्यावर उभे राहिले की तो सांगावा लागत नाही. पठार एकाएकी संपते आणि पुढे खोल दरी सुरू होते. आम्ही पोहोचलो तेव्हा दरी नव्हतीच, पांढरी भिंत होती. दहा मिनिटांनी ती भिंत मधोमध फाटली आणि खाली दगडी पायऱ्यांची एक वाट, हिरवे उतार आणि फार खाली रासाँग गावाची घरे दिसली. तेवढ्यात पुन्हा पडदा पडला. खालच्या गावाचे सामान वरखाली करायला तिथे तारेचा एक साधा रज्जूमार्ग आहे. माणसांना मात्र पायऱ्याच चढाव्या लागतात.

तिथून आम्ही खतारश्नाँग भागातल्या कोंगथाँगला गेलो. हे गाव डोंगराच्या सोंडेवर आहे. दोन्ही अंगांना दऱ्या, मधल्या धारेवर घरे. आता तिथवर गाडीरस्ता झाला आहे, पण शेते, सुपारीच्या बागा, केरसुणीच्या गवताचे उतार हे सगळे खालीच आहे, त्यामुळे गावाचा दिवस उतरण्यात आणि चढण्यातच जातो. आमचा स्पर्धेचा टप्पा इथेच होता. सकाळी गावातून खाली दरीतल्या जिवंत मुळांच्या पुलापर्यंत जायचे, तिथे वहीत नोंदी करायच्या आणि परत वर गावात यायचे. चार हाऊस, प्रत्येकी दहा जणांची तुकडी, पुढे एक वाटाड्या, मागे एक.

धुक्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण वादाचे मूळ तिथे आहे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना वाटते आपल्याला धुके माहीत आहे. मलाही सह्याद्रीचीच सवय. पण इथली रचना वेगळी आहे. बंगालच्या उपसागराकडून येणारा दमट वारा बांगलादेशच्या सपाट मैदानावरून विनाअडथळा येतो आणि एकदम खासी टेकड्यांच्या कड्यावर आदळतो. काही किलोमीटरच्या अंतरात त्याला हजार मीटरहून जास्त उंची चढावी लागते. चढताना तो गार होतो आणि त्यातली वाफ ढग बनते. म्हणूनच मॉसिनराम आणि सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातले चेरापुंजी, जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांत गणले जातात. मॉसिनरामची वार्षिक सरासरी अकरा हजार मिलिमीटरच्या वर आहे, आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. सोहराला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो विक्रम आजही टिकून आहे. पावसाळा सरला तरी ढग दरीतून वर येतच राहतात. वरून उतरणाऱ्या धुक्याची चाहूल लागते, माथे एकेक करून दिसेनासे होतात. इथे ते पायाखालून येते. चालणाऱ्याला कळेपर्यंत मागचा माणूस दिसेनासा झालेला असतो.

आता घटना. मी सर्वांत मागच्या तुकडीबरोबर होतो. पुलावरून परत चढताना, सुपारीच्या बागा संपून गवताचा उतार सुरू होतो तिथे वाटेला एक फाटा आहे. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा आमच्या पुढच्या हाऊसचे आठ कॅडेट पिठ्ठू खाली ठेवून, फाट्याच्या दगडाला पाठी टेकून बसलेले होते. सेक्शन लीडर, अकरावीचा मुलगा, उभा होता आणि घड्याळ बघून दर मिनिटाला शिट्टी वाजवत होता. त्याने रिपोर्ट दिला, ‘‘सर, दोन कमी आहेत. वीस मिनिटे झाली. शिट्टीला उत्तर येतंय, पण जवळ येत नाहीये. कोणालाही खाली पाठवलेलं नाही.’’

झाले होते असे. शेवटच्या दोघांपैकी एकाच्या पोटरीत गोळा आला, दुसरा त्याच्याबरोबर थांबला. मधल्या काळात धुके आले. पुन्हा चालायला लागल्यावर ते दोघे फाट्याच्या बरेच खाली एका बागेच्या पायवाटेला लागले. ती वाट पुढे बागेतच संपते. शिट्टी त्यांना ऐकू येत होती, पण दरीत प्रतिध्वनीमुळे ती कुठून येते ते कळत नव्हते, म्हणून ते शहाण्यासारखे एका जागी थांबून उत्तर देत राहिले. आमच्या वाटाड्याने दोन उत्तरे ऐकली, डावीकडच्या बागेकडे मान वळवली आणि निघाला. पंधरा-वीस मिनिटांत दोघांना घेऊन परत आला. मधल्या वेळात मागच्या तुकडीला मी बरोबरच्या उस्तादांच्या हवाली करून पुढे पाठवले होते, कारण तिथून वर दगडी पायऱ्यांची सरळ वाट आहे. थांबलेली तुकडी दहाच्या दहा वर पोहोचली, सर्वांत शेवटी. ठरलेली कमाल वेळ उलटून गेली होती, त्यामुळे वेळेच्या साठ गुणांपैकी त्यांना शून्य मिळाले. ट्रॉफी हातची गेली.

पहिल्या आलेल्या हाऊसबद्दल मला तक्रार नाही. ती मुले जोरदार चालली आणि नियमाप्रमाणे जिंकली. पण त्यांचे पहिले सहा जण वर पोहोचले तेव्हा उरलेले चार कुठे होते, हे त्या सहा जणांपैकी कोणालाही सांगता आले नसते. ते चौघे पंधरा मिनिटांनी आले. आले, हे चांगले झाले. पण निकालपत्रकात त्या पंधरा मिनिटांची कुठेही नोंद नाही, कारण आपल्या नियमात घड्याळ सहाव्या कॅडेटवर थांबते.

हा नियम आला कुठून? तो क्रॉस कंट्रीचा आहे. तिथे तो योग्यच आहे. ठराविक मार्ग, चुन्याच्या खुणा, प्रत्येक वळणावर मार्शल, मागे रुग्णवाहिका. तिथे मागे पडलेला मुलगा दमलेला असू शकतो, हरवलेला नसतो. ट्रेकची गुणपत्रिका तयार करताना कोणीतरी क्रॉस कंट्रीचा कागद समोर ठेवला आणि शीर्षक बदलले, असे मला वाटते. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम असा झाला की, सेक्शन लीडरने मागे वळून मोजणी केली की त्याच्या हाऊसचे नुकसान आणि नाही केली की फायदा. मुले हिशेबाला पक्की असतात. पुढच्या वर्षी कोण थांबेल?

माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की, सैन्यात सगळे वेळेवरच मोजले जाते. पाच किलोमीटरची धाव घड्याळावर असते, रूट मार्च घड्याळावर असतो, मग मुलांना लाड कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण रूट मार्चमध्ये वेळ शेवटच्या माणसाची धरतात, पुढच्यांची नव्हे. रात्रीच्या गस्तीत प्रत्येक थांब्यावर मागून पुढे मोजणी येते आणि आकडा जुळल्याशिवाय कोणी उठत नाही. तेव्हा सैन्याचे नाव घ्यायचे तर ते सगळे घ्यावे, अर्धे नको. दुसरा आक्षेप एका पालकांचा होता : माझ्या मुलाने सगळे नियम पाळले, तो जोरात चालला, मग त्याची ट्रॉफी संशयास्पद का ठरवता? त्यांना मी उत्तर पाठवले आहे आणि इथेही लिहितो, ट्रॉफी त्यांचीच आहे. गेल्या वर्षीच्या निकालात एक गुणही बदलावा असे माझे म्हणणे नाही. नियम खेळाआधी बदलायचे असतात.

दुसऱ्या पालकांना, म्हणजे थांबलेल्या तुकडीतल्या एका कॅडेटच्या आईला, वेगळीच काळजी होती. असल्या ठिकाणी मुलांना न्यायचेच कशाला? त्यांच्या पत्रातली भीती मी समजू शकतो. पण याला माझा ठाम विरोध आहे. ती दोन मुले धुक्यात एका जागी थांबून शिट्टीला उत्तर देत राहिली, खाली-वर धावली नाहीत, हे त्यांना वर्गातल्या फळ्यावरून आले असते का? फळ्यावर आम्ही शिकवतोच : संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, उत्तर तीन शिट्ट्यांचे. परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. पण हात गारठलेले, बरोबरचा मित्र कण्हतोय आणि चार हातांपलीकडे काही दिसत नाही, अशा वेळी ते आठवणे ही वेगळी गोष्ट आहे. धोका आहे तिथे न्यावे, पण धोक्याला बक्षीस देऊ नये. सह्याद्रीत साम्रदजवळच्या सांधण दरीत पावसाळ्यात उतरू नये हे तिथले लोक सांगतात, कारण वर पडलेला पाऊस त्या अरुंद घळीतून क्षणात लोंढा होऊन येतो. उद्या कोणी सांधणची वेळ लावून शर्यत ठेवली तर आपण त्याला साहस म्हणू का?

या सगळ्यात कोंगथाँग गावाचा विषय माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि तो आमच्या अहवालात दोन ओळींत उरकला गेला. या गावात प्रत्येक मुलाला जन्मानंतर आई एक सूर देते. नाव असते ते असतेच, शिवाय हा सूर, त्या एकट्याचा. त्याला जिंगरवाय इयावबेई म्हणतात. कुळाच्या मूळ आजीचे गाणे, असा काहीसा त्याचा अर्थ. खासी समाजात कूळ आईकडून चालते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. घरात हाक मारायला सुराचा आखूड तुकडा आणि रानात, दरीपलीकडे हाक मारायला पूर्ण लांब सूर. रानातल्या भूतपिशाच्चांना माणसाचे नाव कळू नये म्हणून नावाऐवजी सूर, असेही गावकरी सांगतात. २०२१ मध्ये भारत सरकारने जागतिक पर्यटन संघटनेच्या सर्वोत्तम पर्यटन गाव या सन्मानासाठी ज्या तीन गावांची नावे पाठवली त्यांत हे एक होते.

आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी धुक्यातून हे सूर येत होते. दिसत काहीच नव्हते. एका घराच्या अंगणातून लांब सूर गेला, थोड्या वेळाने खालून उत्तर आले, आणि आणखी काही वेळाने पाठीवर केरसुणीच्या गवताचा भारा घेतलेला मुलगा पायऱ्या चढून आला. आमच्या शिट्टीला हे जमत नाही. शिट्टी सांगते की कोणीतरी आहे. सूर सांगतो की अमुक आहे आणि तो तिथे आहे. आमचा रोलकॉल माणसे समोर उभी असतानाच चालतो. त्यांचा रोलकॉल माणसे दरीत विखुरलेली असताना चालतो. कॅडेटना मी म्हटले, सिग्नलच्या तासाला तुम्ही जे शिकता त्याचा याहून चांगला धडा मला देता येणार नाही. दोघातिघांनी तो सूर तोंडाने काढून पाहिला, पण जमला नाही. काँगनी, म्हणजे जिच्या घरी आम्ही जेवलो त्या ताईंनी, हसून पोरांना कौतुकाने सुपारीचे पान दिले. (तिथे सुपारीला क्वाय म्हणतात, ती ओली आणि कडक असते, पहिल्यांदा खाणाऱ्याला घाम फुटतो. कॅडेटना मी एकेक तुकड्यावरच थांबवले.)

याच क्वायवर पूर्वी इथे अंतर मोजत. अमुक गाव किती लांब, तर वाटेत इतक्या सुपाऱ्या चघळून होतील इतके. कोणी याला मागासलेपणा म्हणेल. मला ते मोजमाप फार नेमके वाटते. सपाटीवरचा किलोमीटर आणि दरीतून वर येणारा किलोमीटर यांत सारखे काय आहे? चढावर माणूस हळू चालतो आणि वाट तितकीच लांब होते. हे मोजमाप चालणाऱ्याच्या दमाशी जोडलेले आहे.

आणि दमाबद्दलच बोलायचे तर, आपल्या मुलांनी आठ किलोचा पिठ्ठू घेऊन चढलेल्या पायऱ्यांचे फोटो घरी पाठवले, ते पाठवावेतच. पण त्याच पायऱ्यांवर आमच्या पुढे एक पन्नाशीच्या बाई चढत होत्या. पाठीवर खोह, म्हणजे वेताची निमुळती टोपली, तिचा पट्टा कपाळावर घेतलेला, टोपलीत सुपारी. पट्टा कपाळावर असल्याने मान खाली, नजर पुढच्या पायरीवर. दर काही पायऱ्यांनी त्या टोपली दगडी ओट्यावर टेकवून उभ्या राहत. ओटे त्याच उंचीचे बांधलेले आहेत, टोपली खाली न उतरवता टेकवता यावी म्हणून. विसाव्याची सोय वाटेतच बांधून ठेवली आहे. त्या आमच्या आधी गावात पोहोचल्या आणि त्यांच्यासाठी कोणी घड्याळ लावले नव्हते.

आणखी एक गोष्ट. लायतलुमच्या कड्यावर आपल्या एका तुकडीने हाऊसची आरोळी ठोकली. दरी घुमली, पोरांना मजा आली. आमच्या वाटाड्याला मात्र शेजारच्या चहावाल्या बाईंनी विचारले, कोणी पडले का? जिथे आवाज हेच एकमेकांना शोधण्याचे साधन आहे तिथे विनाकारण ओरडणे म्हणजे रेल्वेच्या डब्यात गंमत म्हणून साखळी ओढणे. खासी टेकड्यांतली बहुतेक जमीन सरकारची नाही, कुळांची आणि गावांची आहे. गावाची सभा, म्हणजे दरबार, आणि गावप्रमुख यांची परवानगी घेऊनच आपण तिथे झोपलो. आपल्या साहस-शिबिराच्या कागदांत मात्र त्या गावाचा उल्लेख ‘कॅम्प साइट क्र. २’ असा आहे. तो बदलायला पाच मिनिटे लागतील.

याच डोंगरांत नाँगख्लावचे सियेम तिरोत सिंग यांनी १८२९ पासून चार वर्षे कंपनी सरकारशी झुंज दिली. आसाम आणि सिल्हेट जोडणारा रस्ता डेव्हिड स्कॉट यांना खासी मुलखातून हवा होता. संख्या आणि बंदुका सगळ्या दुसऱ्या बाजूला असताना दऱ्या, धुके आणि वाटांची माहिती एवढ्यावर ती लढाई चार वर्षे टिकली. गनिमी कावा शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शेवटी ते पकडले गेले आणि १८३५ मध्ये ढाक्यात कैदेत वारले. स्कॉटच्या त्या जुन्या मार्गाचा मॉफलाँगकडचा तुकडा आज हौशी ट्रेकर चालतात. यंदा आपला पहिला टप्पा तोच ठेवावा असे मी सुचवले आहे, आणि तो चालण्याआधी इतिहासाच्या शिक्षकांनी एक तास घ्यावा असेही.

आता माझी मागणी. वेळेचे गुण साठावरून वीसवर आणावेत आणि घड्याळ दहाव्या कॅडेटवर थांबावे. तीस गुण लॉगबुकला द्यावेत : कुठे थांबलो, का थांबलो, किती दिसत होते, मोजणी किती आली. जी तुकडी कारण लिहून थांबली तिचा थांब्याचा वेळ वजा करावा. कारण खरे की बनावट हे पाहायला वाटाडे आणि उस्ताद असतातच. परतीची वेळ आधी ठरवून तिचे पालन करणाऱ्या तुकडीला, ती टप्प्याच्या टोकापर्यंत पोहोचली नसली तरी, त्या भागाचे पूर्ण गुण द्यावेत. यावर हसू येईल हे मला माहीत आहे. ‘न पोहोचल्याचे गुण’ असे स्टाफरूममध्ये म्हणून झालेच आहे. उरलेले गुण साहित्य, नकाशावाचन आणि गावातले वागणे यांना. गावातल्या वागण्याचे गुण वाटाड्यांना विचारून द्यावेत, आपण आपल्यालाच देऊ नयेत.

थांबलेल्या तुकडीचे लॉगबुक मी मागून घेतले होते. गुण देताना ते कोणी उघडलेले दिसत नाही, पाने अजून चिकटलेली होती, दमटपणामुळे. त्या सकाळच्या पानावर पेन्सिलीने, ओल्या कागदावर उमटेल तसे लिहिले आहे : फाटा. आठ. थांबलो. मग दर पाच मिनिटांची एक ओळ, उत्तर आले की नाही एवढेच. शेवटची ओळ : दहा. निघालो.

नव्या गुणपत्रिकेचा मसुदा साहस-प्रशिक्षण समितीकडे दिला आहे. कॅडेटनी आपल्या सूचना हाऊस कॅप्टनमार्फत आणि पालकांनी पत्राने, दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्याकडे पाठवाव्यात. विरोधी मते आवर्जून पाठवावीत, ती मसुद्याला जोडून समितीपुढे ठेवीन.